तिच्या फुप्फुसांचा आकडा

ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलात मी नऊ वर्षं लोकांवर ओरडायची नोकरी केली. "खोल श्वास घ्या. अजून. अजून. आता सोडा! जोरात! थांबू नका, थांबू नका, अजून, अजून..." पेशंटच्या नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोर हातवारे करत मी. फुप्फुसांत किती हवा मावते आणि ती किती वेगाने बाहेर पडते, हे मोजायचं काम. माणसाने जीव खाऊन फुंकलं नाही तर आकडा खोटा येतो, म्हणून ओरडायचं. घरी मुलीला जेवायला हाक मारली की ती आतल्या खोलीतून म्हणायची, "मम, दॅट्स युअर वर्क व्हॉइस."

पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. नवऱ्याला इथे आयटीत नोकरी लागली, आम्ही हिल्सबरोला भाड्याने राहू लागलो. माझी डिग्री इथे चालायची तर परीक्षा द्यायच्या होत्या. तोवर काहीतरी करू म्हणून टेक्निशियन झाले आणि तेच करत राहिले.

ती आमच्या मजल्यावर सफाईला होती. दुपारी तीनच्या सुमाराला बादली ढकलत यायची. उंच, सडसडीत, डोक्याला फुलाफुलांचा स्कार्फ, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. इथिओपियाची, आदिस अबाबा शहरातली. लढाईच्या धामधुमीत नवरा गेला, मग काही वर्षं केनियात काढून ती निर्वासित म्हणून मुलीला घेऊन इथे आली होती. मुलगी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, वृद्धाश्रमात काम करणारी. हे सगळं मला हळूहळू, तुकड्यातुकड्याने कळलं. आधी नुसतं हसणं होतं, मग "कैसे हो?" होतं. हिंदी सिनेमे तिने आदिसमध्ये खूप पाहिले होते. मी भारतातली आहे म्हटल्यावर तिने मला तेवढं एक वाक्य ऐकवलं आणि स्वतःच मोठ्याने हसली. हसताना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

एके दिवशी तिने मला डब्यातून इंजेरा आणून दिला. आंबवलेल्या पिठाचा, जाळीदार, मोठा थोरला. मी तोंडात घातला आणि म्हटलं, "अहो, ही तर आमची आंबोळी!"

"चांगला नाही झाला," ती म्हणाली. "आमचं ते धान्य इथे मिळत नाही. मी तांदळाचं पीठ आणि मैदा घालते. रंग बघ ना, आजारी माणसासारखा."

दुसऱ्या दिवशी मी तिला नाचणीचं पीठ नेऊन दिलं. माउंट रोस्किलच्या इंडियन दुकानात मिळायचं. तिने चिमूट घेऊन बोटांत चोळली, वास घेतला, जिभेला लावली. "हे जवळचं आहे," म्हणाली. त्यानंतर मी महिन्याला दोन पिशव्या आणायचे आणि शुक्रवारी मला इंजेरा मिळायचा.

माझ्या कॉफीच्या सुट्टीत ती पाच मिनिटं दारात टेकायची. आत येऊन बसायची नाही, कितीही म्हटलं तरी. तिथे उभ्यानेच तिने मला तिचं स्वयंपाकघर सांगितलं. पत्र्याची खोली, खिडकी नाही. नऊ वर्षांची असल्यापासून ती तिथे बसत आली. आई इतरांसाठी इंजेरा भाजून द्यायची, नंतर आईची जागा तिने घेतली. निलगिरीचा ओला पाला आणि काटक्या, वर मातीचा मोठा तवा. दर खेपेला वाकून फुंकर मारायची. इंजेरा नसेल त्या दिवशी कोळशाची शेगडी.

"डोळे असे व्हायचे," तिने दोन्ही मुठी डोळ्यांवर धरल्या. "घराबाहेर आलं की बसगाड्यांचा काळा धूर. आई म्हणायची, आत परत चल, आतला धूर तरी आपला आहे."

हे ऐकून आम्ही दोघीही हसलो होतो. ते हसणं आता आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी फुप्फुसं मोजणारी बाई होते. ती भिंतीला हात लावून थांबते, रिकाम्या हातानेही जिन्याऐवजी लिफ्टने जाते, लांब वाक्य मध्येच तोडते, हे मला दिसत होतं. पण कामावरच्या माणसाकडे आपण पेशंट म्हणून बघत नाही.

साधारण वर्षभराने ती पेशंट म्हणूनच आली. तिच्या जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, चिठ्ठी दिली होती: खोकला, दम लागतो, सिगारेट ओढत नाही. त्या दिवशी तिने ठेवणीतला कोट घातला होता. ज्या दारात रोज उभी राहायची त्या दारातून ती आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

मी फॉर्म भरायला घेतला. सिगारेट? नाही. दिवसाला किती, किती वर्षं? लागू नाही. दमा? नाही. फॉर्म संपला. चुलीसाठी तिथे रकाना नव्हता. पस्तीस वर्षांच्या धुराबद्दल मला सगळं माहीत होतं, पण ते लिहायला जागा नव्हती म्हणून मी लिहिलं नाही. खाली दोन बोटं कोरा कागद होता, तो मला तेव्हा दिसला नाही.

तिने तीनदा फुंकलं. मी नेहमीसारखी ओरडले. तिसऱ्या वेळी ती खोकून खोकून वाकली, तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पातळ कोटातून बरगड्या हाताला लागल्या.

स्क्रीनवर आकडा लाल आला.

आमचं मशीन कसं चालायचं ते इथे सांगायला हवं. माणसाचं वय, उंची आणि स्त्री की पुरुष हे घातलं की एवढ्या माणसाच्या फुप्फुसांत किती हवा मावायला हवी, याचा अपेक्षित आकडा मशीन काढायचं. आपला आकडा त्याच्या फार खाली गेला की लाल. आणि आणखी एक रकाना होता, वंशाचा. गोरे, आफ्रिकन, आशियाई, इतर. मशीन परदेशी होतं, त्यामुळे इथला मूळचा माओरी माणूस आला तर काय निवडायचं, हे आम्ही आपापसात ठरवलेलं होतं. आफ्रिकन निवडलं की मशीन अपेक्षाच कमी करायचं. आफ्रिकन माणसाची फुप्फुसं मुळातच लहान असतात, असं त्या तक्त्यांचं म्हणणं होतं. ट्रेनिंगमध्ये मला तसंच शिकवलं होतं आणि मी ते उंची-वजनासारखं शिकून घेतलं होतं.

तिचा तो रकाना भरायचा राहिला होता. मशीन आपोआप 'गोरे' धरून चाललं होतं. माझ्या लक्षात आलं, मी 'आफ्रिकन' निवडलं, आणि लाल रंग गेला. आकडा तोच. फक्त तो आता काळ्या अक्षरांत होता, मर्यादेच्या जेमतेम वर.

मला बरं वाटलं. ही गोष्ट मी नंतर फार कमी लोकांना सांगितली आहे. मला खरंच बरं वाटलं. माझ्या मैत्रिणीचा रिपोर्ट चांगला आला, चूक वेळेत सापडली, असं वाटलं.

"नॉर्मल आहे," मी तिला सांगितलं. "थोडं कमी, पण नॉर्मल."

"मग मला दम का लागतो?"

"वय होतं ना आपलं. थोडा व्यायाम करा."

रोज आठ तास फरशा पुसणाऱ्या बाईला मी व्यायाम करायला सांगितलं. तिने मान हलवली, कोटाची बटणं लावली आणि थँक्यू म्हणून गेली. आमच्या प्रमुखांनी संध्याकाळी रिपोर्टवर सही केली. जीपीने तिला श्वासाचा एक पंप दिला आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं.

त्या हिवाळ्यात एकदा नाचणीचं पीठ द्यायला मी तिच्या घरी गेले. दोन दिवस ती कामावर आली नव्हती. माउंट रोस्किलच्या उताराखाली जुनं लाकडी घर, भाड्याचं. बाहेर ऊन होतं, तरी आत शिरताच ओल अंगावर आली. खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी हातभर पसरली होती. मुलगी स्टुलावर चढून ब्लीचच्या फडक्याने ती पुसत होती. मधोमध चाकांचा गॅस हीटर पेटलेला, त्याच्याभोवती खुर्च्यांवर ओले युनिफॉर्म. आईने अंगाभोवती ब्लँकेट घेतलं होतं.

"दर आठवड्याला पुसते मी," मुलगी इंग्रजीत म्हणाली. "दर आठवड्याला परत येते."

"खिडकी उघडत जा ना थोडी," मी म्हटलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा पुसायला लागली. बाहेर सहा-सात डिग्री असेल.

मी चहा घेतला, पीठ ठेवलं आणि घरी आले. माझ्या डोक्यात तेव्हाही काही जुळलं नाही. लहानपणापासूनचा धूर, शहराची हवा, ही बुरशी, हा हीटर, रोजचं ते ब्लीच. या सगळ्या गोष्टी मी एकेक करून पाहिल्या होत्या, ऐकल्या होत्या. पण माझ्याकडे रिपोर्ट होता ना. रिपोर्ट नॉर्मल होता.

पुढच्या वर्षी जुलैत तिला न्यूमोनिया झाला आणि अँब्युलन्सने आमच्याच हॉस्पिटलात आणलं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी स्कॅन केला. दुसऱ्या दिवशी ते माझा कागद हातात घेऊन लॅबमध्ये आले.

"ही टेस्ट तुम्ही केली होती ना? सव्वा वर्षापूर्वी? इथे नॉर्मल लिहिलंय."

"हो."

"स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात व्रण आहेत, आक्रसून गेलेत. हे काही सव्वा वर्षातलं नाही. जुना टीबी असणार."

मला टीबीचं माहीत नव्हतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांची असताना तिला टीबी झाला होता, औषधं पूर्ण घेऊन बरा झाला होता. पण इथे टीबी म्हटलं तर हॉस्पिटलातली नोकरी जाईल, परतही पाठवतील, ही तिची भीती. या देशात येताना काढलेल्या एक्स-रेवर डाग दिसला होता, तेव्हा तिने 'लहानपणी न्यूमोनिया झाला होता' असं सांगितलं होतं. डाग जुना आहे म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मी तिची जुनी टेस्ट मशीनवर काढली आणि वंशाचा रकाना पुन्हा 'गोरे' केला. आकडा लाल झाला. 'आफ्रिकन' केलं, काळा झाला. मी चार-पाच वेळा तसं करून पाहिलं. मग तशीच प्रमुखांच्या खोलीत गेले. ते साठीचे, भले गृहस्थ होते. बाहेरून येऊन इथे लागलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी फार सांभाळून घेतलं होतं.

"आपण चुकलो," मी म्हटलं.

त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला. "चुकलो नाही. तक्ता आहे, तो आपण वापरला. सगळीकडे हाच वापरतात."

"तक्त्याने तिला निरोगी ठरवलं."

"तक्ता फक्त सरासरी सांगतो. हे तुलाही लागू आहे. तुझा आकडाही आपण कमी अपेक्षेवरच मोजतो."

ते मला दुखवायला म्हणाले नव्हते. पण ते खरंच होतं. मशीन नीट चालतंय ना हे पाहायला दर सोमवारी सकाळी आम्ही टेक्निशियन स्वतःच फुंकायचो. मी 'आशियाई' निवडायचे. माझा आकडा नेहमी अपेक्षेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास यायचा आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. त्या दिवशी मी तो रकाना बदलून पाहिला. लाल काही झाला नाही, पण टक्का बराच खाली घसरला. मग मी विचार करत बसले. माझी फुप्फुसं जन्मतःच लहान, की लहानपणी पेठेतल्या दोन खोल्यांत आईचा रॉकेलचा स्टो माझ्या अभ्यासाच्या जागेपासून दोन हातांवर भडकायचा म्हणून? ज्या हजारो माणसांना मोजून तो तक्ता बनला, त्यांच्या घरात काय पेटत होतं, हे कुणी विचारलं होतं का? मला ठाऊक नाही. संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू एकटीने नाही ना केलंस. सिस्टीमच तशी आहे." तो माझी समजूत घालत होता. मला भयंकर राग आला.

तिला सांगायला हवं होतं. तीन दिवस मी वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी आत गेले. ती उशीला टेकून बसली होती, नाकात ऑक्सिजनची नळी. मी स्टूल ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. रकाना, लाल रंग, काळा रंग. चुलीचं मला माहीत होतं तरी मी लिहिलं नाही, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मग विचारलं, "तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं?"

मी खोटं बोलू शकले असते. "फुप्फुसं परत आली नसती," मी म्हटलं. "जे गेलं ते गेलं होतं. पण छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. दर हिवाळ्याआधी लस दिली असती. ब्लीचचं काम बदलून द्यायला सांगितलं असतं. आणि घरासाठी डॉक्टरांचं पत्र मिळालं असतं. छातीचा आजार आहे, ओल चालणार नाही म्हणून. सरकारी घराच्या यादीत नाव वर गेलं असतं."

ती एकेक शब्दाला श्वास घेत म्हणाली, "घराचं पत्र. ते बरं झालं असतं."

मी "सॉरी" म्हटलं. तिने डोळे मिटले. झोपली नव्हती, मला ते कळत होतं. थोड्या वेळाने मी उठले.

पत्र मग लगेच मिळालं. तरुण डॉक्टरांनीच लिहिलं. पाच महिन्यांनी घरही मिळालं, एका मजल्याचं, कोरडं, भिंतीत हीटर बसवलेलं. कामावर ती परत आलीच नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलं होतं. त्याच्या लांब नळीच्या आवाक्यात बेडरूम, बाथरूम आणि स्वयंपाकघराचा अर्धा भाग यायचा. मी तिकडे दोनदा गेले. ती तुटक वागली नाही. पण पूर्वी दारात उभी राहून ती मला जे सांगायची, तसलं काही तिने पुन्हा सांगितलं नाही. हवेबद्दल बोललो, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो. नाचणीचं पीठ मी नेलं होतं. "आता तव्यापाशी उभं राहवत नाही," म्हणाली, "तूच ठेव."

लॅबमध्ये मी एक करू लागले. प्रत्येक फॉर्मच्या खालच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहायचे. घरी कशावर स्वयंपाक होत होता, किती वर्षं. कुठल्या शहरात वाढले. घरात ओल आहे का. टीबी झाला होता का, हे दार लावून, हळू विचारायचे. आणि आकडा दोन्ही तऱ्हांनी काढून बाजूला लिहायचे. प्रमुखांनी अडवलं नाही. पण माझं ते लिखाण टाइप होऊन पुढे जायचं नाही, कारण टाइप करणाऱ्या फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. एकदोन डॉक्टरांनी फोन करून विचारलं, बाकी कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. माणसं मात्र बोलायची. सोमालियाची एक म्हातारी, फिजीतला एक बसड्रायव्हर. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कधीकधी मशीन बाजूलाच राहायचं आणि मागचा पेशंट ताटकळायचा.

ती नव्या घरात सात महिने राहिली. ऑगस्टमध्ये साधा सर्दी-खोकला झाला, पाच दिवसांत गेली.

मला हे सफाईच्या दुसऱ्या बाईकडून कळलं. चर्चला लागून असलेल्या हॉलमध्ये तीन दिवस त्यांचे लोक जमणार होते, मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. पांढऱ्या सुती शाली पांघरलेल्या बायका भिंतीला लागून ओळीने बसल्या होत्या. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. मधूनच एखादी बाई दोन ओळी गाण्यासारखं काहीतरी म्हणायची आणि बाकीच्या हुंकार द्यायच्या. मी कुठे बसावं मला कळेना. एका म्हाताऱ्या बाईने सरकून जागा केली आणि माझ्या हातावर भाजलेल्या सातूचे दाणे ठेवले.

तिची मुलगी माझ्याकडे आली. दुखवट्याच्या रीतीने तिने केस पूर्ण कापले होते. शेजारी खाली बसली.

"आई म्हणायची, तुम्ही चांगल्या आहात," ती इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला खरं सांगायला यावंसं वाटलं, म्हणून. ती म्हणायची, बाकी कुणी आलं नसतं."

मी हातातले दाणे मुठीत धरले.

"मी मात्र ते अजून ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "मी भिंती पुसत होते आणि तुम्ही मला खिडकी उघडायला सांगितलं."

"हो," मी म्हटलं.

ती तशीच बसून राहिली, गुडघ्यांभोवती हात घालून. आमच्यापुढून एक बाई कॉफीचे छोटे कप ठेवलेला ट्रे घेऊन गेली. मुलीने एक कप उचलून माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. बाजूला ठेवलेल्या साखरेकडे माझा हात गेला, तेव्हा म्हणाली, "आज साखर घालत नाहीत." मी हात मागे घेतला आणि ती कडू कॉफी प्यायले.